पेशंटने उलट विचारलं तर उत्तर कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑपरेशनच्या पेशंटला मोबाइलवर ‘ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार’ सूचना पाठवणाऱ्या नव्या ॲपची बातमी आपल्या अंकात वाचली. ॲप किती भाषांत आहे, किती हॉस्पिटलांनी घेतलं, पुढे त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी येणार, हे सगळं बातमीत आहे. मेसेज वाचून पेशंटने उलट काही विचारलं तर ते कुणाकडे जातं, हे मात्र कुठेच नाही. माझी सगळी नोकरी मिरज-सांगलीकडच्या सर्जिकल वॉर्डांत गेली, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे बातमीत पहिलं बोट मी तिथेच ठेवलं. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावावी लागली तर गोळ्यांचा आणि फोनचा मजकूर तेवढा राहू द्या.

आधीच सांगते, मी ॲपच्या विरोधात नाही. अशी सोय खरं तर फार आधी यायला हवी होती. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन पूर्वी पोट उघडून व्हायचं. पेशंट आठवडाभर, बऱ्याचदा टाके निघेपर्यंत, आमच्या डोळ्यांसमोर असायचा. सकाळच्या राउंडला सांगितलेलं संध्याकाळी परत सांगता यायचं, सून डबा घेऊन आली की तिला बाजूला घेऊन वेगळं सांगता यायचं. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं ते पहिलं. पुढे ते तंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं आणि पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जायला लागला. चांगलंच झालं. पण ताप यायचे, पथ्य मोडायचे, टाक्यांतून पाणी यायचे दिवस आता वॉर्डात जात नाहीत. ते जतला, अथणीला, कवठेमहांकाळजवळच्या एखाद्या वस्तीवर जातात. तिथे हाक मारायला सिस्टर नसते. फोन असतो. म्हणून फोनवरून बोलायची सोय हवी, यात मला शंका नाही.

बोलण्याने पेशंटला गुण येतो याचा पुरावाही जुनाच आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ पेशंट होते. त्यातल्या काहींना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी बसून सांगितलं: कुठे दुखेल, का दुखेल, कुशीवर कसं वळायचं, श्वास कसा घ्यायचा, दुखलं तर मागून घ्यायचं. ऑपरेशननंतरही तो त्यांना भेटत राहिला. या पेशंटना दुखणं थांबवणारं मॉर्फिनसारखं औषध जवळपास निम्मंच लागलं, आणि कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. औषध तेच, टाके तेच. दुसरीकडे हेही खरं की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के पेशंट तिथल्या तिथे विसरतो, असं २००३ सालच्या एका डच संशोधकाच्या लेखात आहे. आम्हाला हे लेख न वाचताही ठाऊक होतं. डिस्चार्ज कार्ड हातात दिल्यावर दारापर्यंत गेलेला नातेवाईक परत येऊन विचारायचा, “सिस्टर, ही पांढरी गोळी जेवणाआधी का नंतर?”

आता या नव्या ‘व्यक्तिगत’ मेसेजांकडे येते. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांना मेसेज आला. वर त्यांचं नाव, आडनाव, पुढे ‘जी’. खाली लिहिलेलं: रोज सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं चाला, लवकर बरे व्हा. सोबत धावणाऱ्या माणसाचं चित्र. त्यांनी तो मला दाखवला तेव्हा ते हसत होते. बायको हसत नव्हती. नाव बरोबर होतं, तारीख बरोबर होती. माणूस तेवढा तपासलेला नव्हता.

माझा भाचा पुण्यात अशीच ॲपं बनवणाऱ्या कंपनीत आहे. गणपतीला आला तेव्हा लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, “मावशी, ऑपरेशनच्या आधी तू पेशंटला पहिल्यांदा काय सांगायचीस?” मी म्हटलं, “पहिल्यांदा काहीच सांगायची नाही रे. पिशवी मागायची.” त्याला कळेना. आमच्याकडे खेड्यातून येणारा पेशंट गोळ्यांची यादी आणत नाही, मेडिकलवाल्याची प्लास्टिकची पिशवी आणतो. तिच्यात अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, कुणीतरी दिलेली आयुर्वेदिक पुडी, मुलाच्या खोकल्याचं औषध, दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी. पिशवी कॉटवर पालथी केली की पेशंट कळायचा. ‘तुम्हाला काही आजार आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या पिशवीत बीपीची, शुगरची आणि रक्त पातळ करायची गोळी निघायची. गोळी चालू आहे म्हणजे आजार आटोक्यात आहे, आणि आटोक्यात आहे म्हणजे नाही, असा साधा हिशेब असतो.

या गोळ्यांवरच सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण व्यक्तिगत सूचनेची गरज इथे सगळ्यात जास्त आहे आणि सरसकट मेसेज इथेच घात करतो. ‘ऑपरेशनच्या दिवशी शुगरची गोळी घेऊ नका’ हे वाक्य बऱ्याच मेसेजांत असतं. मेटफॉर्मिन ही शुगरची नेहमीची गोळी घेणाऱ्याला ते बहुतेक वेळा पुरतं. पण शुगरचीच डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी घेणाऱ्याने ती तीन दिवस आधी थांबवायची असते. तसं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सांगितलेलं आहे. नाहीतर उपाशीपोटी रक्तात आम्ल वाढतं, आणि गंमत म्हणजे शुगर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे लक्षातही उशिरा येतं. २०२० मध्येच आपल्याकडे डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली, आणि आता ती गावच्या दवाखान्यातही सर्रास लिहून देतात. म्हणजे आदल्या रात्री आठ वाजता पाठवलेला मेसेज या पेशंटसाठी तीन दिवस उशिराचा आहे. रक्त पातळ करायच्या गोळीचं याहून अवघड. एकाला ती काही दिवस आधी बंद करायची, दुसऱ्याच्या हृदयात नुकताच स्टेंट बसवलेला म्हणून त्याने स्वतःच्या मनाने बंद केली तर जिवावर बेतेल. बीपीच्या गोळ्यांत काही त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या, काही थांबवायच्या. कुठली काय, ते भूलतज्ज्ञ ठरवणार. यंत्राने एवढंच करावं: पेशंटकडून पिशवीचा फोटो मागवावा, ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी मागवावा, आणि तो भूलतज्ज्ञासमोर नेऊन ठेवावा. उत्तर आलं की स्ट्रिपच्या फोटोसकट परत पाठवावं: ही घ्या, ही अमुक वारपासून बंद. भाच्याला ही कल्पना आवडली. म्हणाला, “हे आम्ही ‘वैद्यकीय इतिहास भरा’ असं ठेवलंय.” मी म्हटलं, “भरणार कोण?”

उपाशी राहण्याचंही असंच. बहुतेक ठिकाणी सगळ्यांना एकच सांगतात: रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. ऑपरेशन सकाळी आठचं असो की दुपारी तीनचं. भूलशास्त्राचे नियम तसं म्हणत नाहीत. हलक्या खाण्यानंतर सहा तास, दूध म्हणजे खाण्यातच धरायचं, तळलेलं-तुपकट असेल तर आठ, आणि साधं पाणी भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने हे १९९९ सालीच लिहून ठेवलं. तरीही मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्या नंबरची बाई घसा कोरडा करून दुपारपर्यंत पडून राहते. सिस्टर निर्दय असतात म्हणून हे होत नाही. ऑपरेशनच्या नंबरांची लिस्ट हलते म्हणून होतं. पहिल्या पेशंटला ताप निघाला, दुसऱ्याचं रक्त मिळालं नाही, की तिसरा पुढे येतो, आणि तो नेमका नुकताच पाणी प्यालेला असला तर ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, खोळंबते. म्हणून सगळ्यांनाच कोरडं ठेवायची सवय लागली. इथे यंत्राचा खरा उपयोग आहे. ओटीची लिस्ट बदलली की त्या-त्या पेशंटला आणि त्याच्या वॉर्डाला लगेच कळायला हवं: तुमचा नंबर आता अंदाजे दोनचा, साधं पाणी बारापर्यंत प्या. हे काम माणसाला धावपळीत जमत नाही, यंत्राला जमेल. पण त्यासाठी ॲप ओटीच्या लिस्टला जोडावं लागतं, आणि मला दिसलेली ॲपं तारखेला जोडलेली असतात, लिस्टला नाही.

मेसेज लिहिताना घर डोळ्यांपुढे हवं, हेही इथेच सांगते. परदेशी सूचनापत्रकात काळा चहा, काळी कॉफी पाण्याच्या बरोबरीने चालते असं असतं. एका ॲपच्या मराठी मजकुरात ‘पाणी, चहा, कॉफी दोन तास आधीपर्यंत’ असं मी स्वतः वाचलं. आमच्याकडे चहा म्हणजे दुधाचा, वर साय आलेला. असा कपभर पिऊन आलेल्या पेशंटचं ऑपरेशन भूलतज्ज्ञ पुढे ढकलणार, आणि त्या बिचाऱ्याने मेसेज अगदी तंतोतंत पाळलेला असणार. ‘धूम्रपान करता का?’ हाही असाच एक रकाना. आमच्या भागातली साठीची आजी कधी बिडी ओढत नाही, पण उठल्याबरोबर भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावते, दिवसातून तीन-चारदा. तिने ‘नाही’ म्हटलं तर ती खोटं बोलली असं कसं म्हणणार? मिश्री, तंबाखू, गुटखा अशी नावं घेऊनच विचारावं लागतं. ‘सर्व दागिने काढून ठेवावेत’ या ओळीवर तर घराघरांत रडारड झालेली मी पाहिली आहे. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर बाई सासूकडे बघते. जोडवी कित्येकींची बोटातून निघतच नाहीत. ऑपरेशनच्या वेळी विजेच्या सुरीने भाजू नये म्हणून हे काढायचं असतं, निघालं नाही तर काय करायचं ते आम्ही बघतो, मंगळसूत्र सिस्टरकडे सही करून ठेवता येतं किंवा घरच्या बाईच्या हातात देता येतं, इतकं त्या ओळीखाली लिहिलं असतं तर निम्मं रडू वाचलं असतं.

आता फोन. नोंदणीच्या वेळी काउंटरवर विचारतात, “मोबाइल नंबर?” आणि पेशंटच्या मागे उभा असलेला मुलगा स्वतःचा नंबर सांगतो. तो पुण्याला किंवा कोल्हापूरला नोकरीला. आई गावी. ‘उद्या सकाळी अंघोळ करून या, पोट साफ झालं का ते कळवा’ हा मेसेज एमआयडीसीत शिफ्टवर असलेल्या मुलाला जातो. दोन निळ्या खुणा उमटतात, आणि हॉस्पिटलच्या पडद्यावर ‘पेशंटने सूचना वाचली’ अशी नोंद होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्के निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३ टक्के. आणि ऑपरेशनच्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी बायका तर ४९ च्या पुढच्या असतात.

यात नुसती गैरसोय नाही, अब्रूचाही प्रश्न आहे. गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या एका पेशंटच्या बाबतीत, ‘अंगावरून जाणं थांबलं का? शारीरिक संबंध सहा आठवडे टाळावेत’ हा मेसेज तिच्या भाच्याच्या फोनवर गेला, कारण भरती करताना रिक्षा त्याने आणली होती आणि नंबर त्याचा दिलेला होता. त्याने तो मामीला वाचून दाखवला नाही. दाखवणार तरी कसा? मामीला ती सूचना मिळालीच नाही. पेशंटबद्दलची गोष्ट पेशंटलाच विचारून ठरायला हवी, हे काही माझं खूळ नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये ते स्पष्ट केलेलं आहे. बाई फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल घेऊन आत होती. बाहेर आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयाने सांगितलं की तातडी नसताना सज्ञान पेशंटच्या वतीने आईची संमती चालत नाही, आणि संमती म्हणजे पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती. मग माहिती देणारं यंत्र ती भलत्याच्याच फोनवर कशी ओतू शकतं? नोंदणीच्या फॉर्मवर तीन साधे प्रश्न हवेत: हा फोन कुणाचा, तो तुमच्याजवळ किती वेळ असतो, आणि कुठली गोष्ट या फोनवर सांगायची नाही. तिसरा प्रश्न बाईला एकटीला विचारायचा. कुठलंही तंत्रज्ञान लागत नाही त्याला.

वाचता न येणाऱ्यांसाठी, आणि चष्मा घरी राहिलेल्यांसाठी, आवाजाचे निरोप हवेत. आपल्याकडे याचा चांगला नमुना आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली मुंबईत ‘अरमान’ ही संस्था काढली. तिच्या ‘एममित्र’ योजनेत गरोदर बाईला तिच्या महिन्याप्रमाणे, तिने सांगितलेल्या भाषेत आणि तिने निवडलेल्या वेळी फोन येतो. साधा फोन, स्मार्टफोन लागत नाही. पुढे बऱ्याच बायका फोन ऐकणं सोडून देतात असं दिसल्यावर त्यांनी गूगलच्या संशोधकांबरोबर काम केलं. यंत्र काय करतं तर, कोण ऐकणं सोडण्याच्या बेतात आहे याचा अंदाज बांधतं, आणि मग अशा बाईला माणूस फोन करतो. माझ्या मते ऑपरेशनच्या पेशंटसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची ती अशी. कुणाशी आज बोललंच पाहिजे हे तिने हुडकावं, बोलावं सिस्टरने. आणि निरोप रेकॉर्ड करायचेच असतील तर त्या वॉर्डातल्या सिस्टरच्याच आवाजात करा. जिने सलाईन लावलं तिचा आवाज पेशंट ओळखतो. मिरजेला तर निम्मे पेशंट कर्नाटकच्या सीमेपलीकडचे. आमच्या सिस्टर एका वाक्यात कन्नड-मराठी दोन्ही बोलतात, तसं बोलू द्या त्यांना.

दाखवण्याचंही सांगते. फुप्फुसं फुलावीत म्हणून ऑपरेशननंतर चेंडूसारख्या तीन गोळ्यांचं यंत्र देतात. त्यात हवा आत ओढायची असते. दहातले बरेच जण फुंकतात. गोळ्या हलत नाहीत, मग यंत्र बिघडलंय म्हणून पिशवीत घालून ठेवतात. व्हिडिओ पाठवला तरी हेच होतं, कारण व्हिडिओत ओढणारा आणि फुंकणारा सारखाच दिसतो. वॉर्डात आम्ही म्हणायचो, “आता तुम्ही करून दाखवा.” ॲपनेही तेच म्हणावं. पेशंटच्या नातवाने दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून पाठवावा आणि त्यात गोळ्या हलतात का ते कुणीतरी पाहावं. डॉ. अतुल गवांदे, ज्यांचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी, त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या सुरक्षिततेची १९ कलमांची यादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. यादी कागदाचीच आहे. ती मोठ्याने विचारायची असते आणि समोरच्याने तोंडाने उत्तर द्यायचं असतं, कामाचा भाग तो आहे. नुसती वाचून खूण करायची असती तर एव्हाना ती फायलीत गेली असती. काही ठिकाणी गेलीही आहे म्हणा.

घरी गेल्यावर पेशंटने जखमेचा फोटो पाठवायचा, हे आता रूढ होतंय. करावं, पण डोळसपणे. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, त्यात टाक्यांवर आजेसासूने दाबलेली हळद. पाहणाऱ्याला पू वाटतो. ‘जखमेभोवती लाली आहे का?’ हा प्रश्न गोऱ्या कातडीसाठी लिहिलेला आहे. शेतात राबून काळवंडलेल्या पोटावर लाली सहज दिसत नाही. तिथे विचारायचं की हात लावल्यावर आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कालच्यापेक्षा जास्त दुखतं का, सुजून ताणल्यासारखं वाटतं का. आणि ‘उच्च प्रथिनयुक्त आहार घ्यावा’ असलं काही लिहू नका. आंबट खाल्लं की टाके पिकतात, वांग्याने जखम चिघळते, या धाकाने बाई आठवडाभर नुसत्या भाताच्या पेजेवर राहते. तिला हवं असतं ते असं: मटकीची उसळ चालेल, अंडं चालेल, लिंबू पिळलेलं वरण चालेल, भाकरी दोन दिवसांनी सुरू करा. ज्याच्या घरी मांस-अंडं शिवत नाहीत त्याला अंड्याची ओळ जाऊ नये. याला म्हणायचं व्यक्तिगत.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. आमच्या गल्लीतल्या एका घरी ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी पेशंट गेला. तेराव्याची तयारी चालू असताना त्याच्या फोनवर मेसेज आला: अभिनंदन, आपण दोन आठवडे पूर्ण केलेत, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? थोरल्या मुलाने फोन भिंतीवर मारला. पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात दगावला होता, त्यामुळे पहिल्याच्या संगणकाला ते माहीतच नव्हतं. बनवणारे म्हणतील, हे क्वचित घडतं. ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलात ते घडतं. ठरावीक दिवशी आपोआप जाणारा मेसेज, आधीच्याला उत्तर आलेलं नसताना, माणसाने एकदा नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. सलग दोन मेसेजांना उत्तर नाही म्हणजे फोन करा. त्याच नंबरवरून हेल्थ चेकअपच्या सवलतीच्या जाहिरातीही बंद करा. दिवाळी ऑफर आणि ‘ताप १०१ च्या वर गेला तर लगेच या’ हे एकाखाली एक आलं की माणूस दोन्ही वाचत नाही.

जखमांचे फोटो, गर्भाशयाची माहिती, गोळ्यांची पिशवी हे सगळं साठणार कुठे? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळवायचा पर्याय माणसाला द्यावा लागेल, असं त्यात आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. तरी भरतीच्या घाईत ‘सहमत’ वर अंगठा कोण दाबतं ते सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक वेळा तो काउंटरवरचा मुलगाच दाबतो.

राहिला माझा मूळ प्रश्न. भाच्याच्या कंपनीने ॲपच्या दुसऱ्या टोकाला ‘केअर टीम’ असं लिहिलं आहे. मी विचारलं, “ही टीम म्हणजे कोण?” तो म्हणाला, “हॉस्पिटलची नर्स.” रात्रपाळीला एक सिस्टर आणि पुरा भरलेला वॉर्ड, असं चित्र मी वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. तिच्या एका हातात ड्रेसिंगची ट्रे, कोपऱ्यातल्या पेशंटची नळी निघालेली, आणि आता टेबलावरच्या टॅबवर घरी गेलेल्या पेशंटचे मेसेज वाजणार. ती ते बघणार नाही, बघूही नये. आणि नाही बघितले तर उद्या दोष तिच्यावर. यासाठी वेगळी सिस्टर नेमावी लागेल, तिची ड्यूटी, तिची जागा, तिचा पगार हे ॲपच्या किमतीत धरावं लागेल. वॉर्डात काम केलेल्या, गुडघ्यांमुळे आता उभं राहणं होत नाही अशा कितीतरी निवृत्त सिस्टर या जिल्ह्यात आहेत. त्यांना खुर्चीवर बसून हे काम उत्तम जमेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत पेशंटला मदत करणारे आरोग्यमित्र असतात, फोन कुणाचा आणि सोबत कोण याची नोंद त्यांच्याकडे देता येईल.

आरोग्य खातं किंवा एखादं धर्मादाय रुग्णालय अशा ॲपसाठी निविदा काढणार असेल, तर तिच्यात एक कलम आमच्याकडून घालावं. रविवारी रात्री साडेनऊला जत तालुक्यातून ‘टाक्यातून पाणी येतंय, काय करू’ असा मेसेज किंवा फोन आला, तर तो कोण उचलणार, किती वेळात उचलणार, आणि त्या माणसाच्या हाताशी पेशंटचं डिस्चार्ज कार्ड असेल का, हे लेखी द्या. ठेकेदाराला पहिला हप्ता देण्याआधी कुणीतरी खरोखरच रविवारी रात्री साध्या फोनवरून तसं करून बघावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)